हार्ड डिस्क गेली, फायली कशा वाचवायच्या? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी महाल भागात राहतो आणि घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करतो. विंडोज परत टाकून देणं, रॅम बदलणं ही रोजची कामं. जीव टांगणीला लावणारं काम एकच: बंद पडलेल्या डिस्कमधून लोकांच्या फायली बाहेर काढणं. नवी डिस्क बर्डीच्या बाजारात काही हजारांत मिळते, पण पोरीच्या बारशाचे फोटो कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.

हे लिहायचं कारण घरचं आहे. आईने म्हटलेली भुलाबाईची गाणी मी रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये ठेवली होती. एका रात्री डिस्क अडखळायला लागली, तर मी विंडोजमधली चेकडिस्क ही डिस्क तपासायची सोय लावून झोपलो. सकाळी डिस्क टकटक करत होती. पुढे बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढणाऱ्या लॅबकडून त्यातली चारच गाणी परत आली. त्या रात्री डिस्क नुसती बंद करून ठेवली असती तर बहुतेक सगळी आली असती, असं लॅबवाल्याने सांगितलं. खालच्या उत्तरांतलं बरंचसं मी त्या रात्रीनंतर शिकलो.

डिस्क टकटक आवाज करून राहिली. आधी काय करू?

बंद करा. आधी बंद करा, मग पुढचं वाचा. विंडोज शटडाउन होत नसेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, तेही जमलं नाही तर भिंतीवरचं बटण बंद करा. एरवी असं करू नका म्हणून आम्हीच सांगतो. पण इथे डिस्क फिरत राहिली तर त्याहून मोठं नुकसान होतं.

का, ते सांगतो. डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० फेऱ्यांच्या मोठ्या डिस्कमध्ये तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जाते. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे तिच्याही पुढे. एवढ्या वेगात डेटा वाचणारं हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. बिघडलेलं हेड तबकडीला टेकलं की डेटा असलेला थरच खरवडला जातो. त्या थराची भुकटी झाली की जगातली कोणतीही लॅब ती परत जोडू शकत नाही.

टकटकीचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की हेडला आपली जागा सापडत नाही आणि ते मागे येऊन परत परत प्रयत्न करतं. डिस्क माझ्याकडे येईपर्यंत लोकांनी ती पाच-सात वेळा चालू करून पाहिलेली असते. मन मानत नाही, ते मला कळतं. पण ‘अजून एकदा लावून बघू’ यात जितका डेटा जातो तितका मूळ बिघाडातही गेलेला नसतो.

खरंच डिस्कच गेली, हे कसं ओळखायचं?

आधी कान लावा. टकटक, खरखर, घासल्यासारखा आवाज असेल तर पुढची कोणतीही तपासणी करू नका, कारण प्रत्येक तपासणीसाठी डिस्क फिरवावी लागते. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधून बारीक बीप किंवा गुणगुण येत असेल तर बऱ्याचदा हेड तबकडीला चिकटलेलं असतं आणि मोटर फिरायला धडपडत असते. तीही बंदच ठेवा.

काहीच आवाज नसेल, डिस्क फिरतच नसेल, तर डिस्कवरचा सर्किट बोर्ड किंवा वीजपुरवठा बिघडलेला असू शकतो. इथे आशा जास्त असते, कारण तबकड्यांना धक्का लागलेला नसतो.

आवाज नेहमीसारखा असेल तर साध्या गोष्टी आधी बघा. सीपीयू उघडून डेटाची आणि पॉवरची केबल काढून परत घट्ट बसवा, दुसरी केबल लावून बघा. कितीदा तरी ‘मेलेली’ डिस्क नव्या केबलने उठलेली मी पाहिली आहे. बाहेरून लावायची डिस्क असेल तर यूएसबी केबल बदला आणि समोरच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा.

कॉम्प्युटर सुरू होत नाही एवढ्यावरून डिस्क गेली असं धरू नका. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, डिस्कचं नाव आणि क्षमता बरोबर दिसत असेल तर नुसती विंडोज बिघडलेली असू शकते. तुमच्या फायली जागच्या जागी असतात. अशा वेळी ‘विंडोज नवीन टाकून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा, आधी फायली काढून घ्या म्हणावं. उलट नाव भलतंच किंवा क्षमता शून्य दिसत असेल तर बिघाड डिस्कच्या आतल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, असू शकतो. ते घरी होण्यासारखं काम नाही.

डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम ‘गुड’ म्हणतो. मग काळजी नको ना?

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे, मीही वापरतो. त्यात रिअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळी बघा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा तुकडा, आणि पेंडिंग म्हणजे वाचताना अडलेले तुकडे. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर त्याच दिवशी फायली दुसरीकडे न्या. यूडीएमए सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर बहुतेक केबल खराब असते.

पण ‘गुड’वर विसंबू नका. गुगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये सर्वांत भरवशाच्या चार खुणांपैकी एकही आधी दिसलेली नव्हती. खूण दिसली तर ती खरी समजा, दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

विंडोज म्हणते, ‘डिस्क फॉरमॅट करा’. करू का?

नाही. डिस्कवरचा फायलींचा हिशेब विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ आहे. फायली तिथेच असतात. पूर्ण फॉरमॅट तर मुळीच नको. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट म्हणजे डिस्कभर शून्य लिहिणं, आणि त्यावरून काही परत येत नाही.

चेकडिस्कही नको. ती फायलींचा हिशेब जुळवण्यासाठी आहे, तुमच्या फायली वाचवण्यासाठी नाही. हिशेब जुळत नसला की ती नोंदी कापून टाकते आणि दुखऱ्या डिस्कला तासन्‌तास ताणते. माझ्या हातून हेच झालं होतं.

डिस्क दिसते, पण फार हळू चालते आणि मध्येच अडकते. घरी फायली काढता येतील का?

येतील, पण क्रम पाळला तर. सगळ्यात जास्त डिस्क याच टप्प्यावर वाचतात आणि याच टप्प्यावर हातच्या जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नेहमीची चूक अशी: डिस्क उघडायची, ‘फोटो’ फोल्डर कॉपी करून डेस्कटॉपवर टाकायचं आणि बघत बसायचं. मध्ये एक खराब सेक्टर आला की विंडोज तिथेच अडून परत परत वाचायचा प्रयत्न करते. हेड त्या एका जागेवर झिजत राहतं आणि पुढच्या हजार चांगल्या फायली वाट बघत बसतात.

बरोबर पद्धत म्हणजे आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि फायली शोधायचं काम त्या नकलेवर करायचं. त्यासाठी लिनक्समध्ये (विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी मोफत प्रणाली) डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडचणीची जागा आली की ती सोडून पुढे जातो आणि सगळं चांगलं हाती आल्यावर मग अवघड तुकड्यांकडे वळतो. कुठवर वाचलं याची नोंद तो एका मॅपफाइलमध्ये ठेवतो. लाइन गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबवावं लागलं, तरी सोडलं तिथूनच सुरू करता येतं. कमांड लिहिताना या मॅपफाइलचं नाव द्यायला लोक विसरतात. ते नक्की द्या आणि ही फाइल दुखऱ्या डिस्कवर ठेवू नका.

लागेल काय? दुखऱ्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी रिकामी डिस्क, उबुंटू किंवा सिस्टमरेस्क्यू यांपैकी एक लिनक्स टाकलेला पेन ड्राइव्ह, आणि यूपीएस. पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा म्हणजे विंडोज मध्ये लुडबुड करणार नाही. जमलं तर डिस्क सरळ मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडा, यूएसबीच्या डब्यातून नको. आणि स्रोत (दुखरी) कोणती, लक्ष्य (रिकामी) कोणती हे कागदावर लिहून ठेवा. डिस्कचा सिरियल नंबर जुळवूनच एंटर दाबा. उलटं झालं तर रिकामी डिस्क तुमच्या फोटोंवर उतरवली जाईल, आणि मग काहीच इलाज नाही.

वेळ किती? १ टीबीची धडधाकट डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तर पावणेतीन तास लागतात. दुखऱ्या डिस्कला दिवस लागू शकतात. शेजारी टेबल फॅन लावून ठेवा, अधूनमधून हात लावून बघा. आवाज बदलला की त्याच क्षणी थांबवा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. डिस्कमध्ये जे आहे ते दुसरीकडे कुठेच नसेल आणि गेलं तर तुम्हाला आयुष्यभर लागून राहील असं असेल, तर पहिला हात स्वतःचा लावू नका. या कामात सराव करायचा असेल तर भंगारातल्या डिस्कवर करा.

नक्कल तयार झाली. आता फायली कशा शोधू?

नकलेवर फोल्डर सरळ उघडत असतील तर काम संपलं, कॉपी करून घ्या. उघडत नसतील तर टेस्टडिस्क लावा. तो हरवलेलं पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा विभाग) शोधतो आणि फोल्डर व नावांसकट फायली दाखवतो. तेही जमलं नाही तर त्याच घरातला फोटोरेक. नाव फोटोरेक असलं तरी वर्ड, पीडीएफ, व्हिडिओ सगळं शोधतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक खुणेने होते, त्या खुणा तो अख्ख्या डिस्कभर शोधत जातो.

फोटोरेकने आलेल्या फायलींना मूळ नावं नसतात. सगळं आकड्यांच्या नावांनी येतं आणि फोल्डरांची रचनाही राहत नाही. वीस हजार फोटो असे आकड्यांत बघितले की माणूस हबकतो. घाबरू नका: मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या फोटोत काढल्याची तारीख आतच लिहिलेली असते, तिच्यावरून वर्षवार लावता येतात. आधी फायलींच्या आकाराप्रमाणे क्रम लावून इंटरनेटवरून आलेली बारीकसारीक चित्रं वेगळी काढा, निम्मा पसारा तिथेच कमी होतो.

टॅलीचं मात्र तसं नाही. टॅलीचा डेटा आकड्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये बऱ्याच फायलींचा मिळून असतो, अख्खं फोल्डर जसंच्या तसं आलं तरच कंपनी उघडते. सुट्या फायली हाती लागून उपयोग नाही. दुकानाचा हिशेब असेल तर हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे शोधणारा त्या फोल्डरच्या मागे आधी लागेल.

फायली आल्या, पण मराठी मजकूर भलत्याच अक्षरांत दिसतो. फाइल खराब झाली का?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण इथे वाईट बातमी द्यावी लागत नाही. युनिकोड ही आता सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधी आपल्याकडे लग्नपत्रिका, प्रबंध, शाळांचे अहवाल, दिवाळी अंक हे सगळं श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव अशा फॉन्टांत टाइप होत असे. त्या फायलींत आत रोमन अक्षरांच्या जागाच भरलेल्या असतात, मराठी रूप फॉन्ट देतो. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की रोमन कचरा दिसतो.

म्हणून डिस्क वाचत असतानाच विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही उचलून घ्या. नेमका तोच फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर बसवला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. नंतर तो युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनंही मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार तेवढे नजरेखालून घाला, घोळ तिथेच होतो. वडिलांच्या प्रबंधाची फाइल ‘करप्ट’ म्हणून एकांनी जवळजवळ पुसलीच होती. तिच्यात काहीही बिघडलेलं नव्हतं.

डिस्क ठणठणीत आहे, पण चुकून फायली डिलीट केल्या किंवा फॉरमॅट मारला.

तो कॉम्प्युटर वापरणं थांबवा. डिलीट केल्यावर फाइल लगेच पुसली जात नाही, तिची जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते. नवं काही लिहिलं की ती जागा भरते. ब्राउझर उघडणं, अपडेट येणं हेही लिहिणंच आहे. फाइल शोधायचा प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर डाउनलोड करू नका. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि तिथून रेकुव्हा किंवा फोटोरेक चालवा. मायक्रोसॉफ्टचाही विंडोज फाइल रिकव्हरी नावाचा मोफत प्रोग्रॅम २०२० पासून आहे, पण तो कमांड लिहून चालवावा लागतो. सापडलेल्या फायली कायम वेगळ्याच डिस्कवर उतरवा.

माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. तिलाही हेच लागू?

अर्धंच. एसएसडीत फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर साठतं, त्यामुळे आवाज येत नाही. ती बिघडते तेव्हा बहुधा एका क्षणात दिसेनाशी होते. डिलीटच्या बाबतीत तर ती फार कडक. विंडोज तिला ट्रिम नावाची सूचना देते, आणि मग पुसलेल्या फायलींच्या जागा एसएसडी स्वतःच साफ करून टाकते. चुकून डिलीट झालं तर ताबडतोब बंद करा, पण फार आशा ठेवू नका. एसएसडी वापरणाऱ्याने दुसरी प्रत ठेवलीच पाहिजे.

डिस्क काढून दुसरीकडे लावली तर ४८ आकडी किल्ली मागते.

हे बिटलॉकर आहे, म्हणजे डिस्कवरचा डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून विंडोजने लावलेलं कुलूप. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागतं. मालकाला पत्ताही नसतो. किल्ली बहुधा त्याच खात्यात ठेवलेली असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्या खात्यात जाऊन शोधा. किल्ली नसेल तर लॅबही हतबल असते.

आज कॉम्प्युटर चालू असेल तर आजच ही किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवा. खातं मुलाच्या किंवा लॅपटॉप लावून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर उघडलेलं असतं, हाही नेहमीचा घोटाळा.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालू होते म्हणतात. आणि सर्किट बोर्ड बदलला तर?

फ्रीजर नको. फार जुन्या डिस्कच्या काळातला हा सल्ला आहे. गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर आणि आत दंव धरतं. त्यातून आपल्याकडे कूलरच्या खोलीतली हवा उन्हाळ्यातही ओली असते. टेबलावर आपटणं, हातात गरकन फिरवणं, हेही नको. आणि झाकण तर कधीच उघडू नका. धुळीचा एक कण हेडच्या वाटेत आला तरी पुरतो. लॅबमध्ये यासाठी गाळलेल्या हवेची वेगळी जागा असते.

बोर्ड बदलण्याची युक्ती एके काळी चालत असे. आता बहुतेक डिस्कच्या बोर्डवर त्या एकाच डिस्कची मोजमापं साठवलेली छोटी चिप असते. तोच मॉडेल नंबर असलेला दुसरा बोर्ड लावला तरी ती चिप उतरवून नव्या बोर्डवर बसवावी लागते. नुसता बोर्ड लावून चालू केलं तर डिस्कच्या टकटकीला निमंत्रण.

पुराचं पाणी शिरून कॉम्प्युटर बुडाला होता. डिस्क वाळवून लावू?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटपासून बर्डीपर्यंत तळमजले पाण्यात होते. त्यानंतरच्या आठवड्यात लोकांनी चांगल्या मनाने डिस्क उन्हात ठेवल्या, हेअर ड्रायर लावला, तांदळात पुरल्या. यातलं काहीही करू नका.

बहुतेक डिस्कच्या झाकणावर हवा आतबाहेर जायला बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. पुराच्या पाण्यात गाळ असतो. पाणी सुकलं की गाळ तबकडीवर चिकटून बसतो, आणि डिस्क फिरवली की हेड त्या गाळावर आपटतं. म्हणून वीज जोडू नका. बाहेरचा चिखल अलगद पुसा आणि डिस्क ओलसर कापडासोबत झिपच्या पिशवीत बंद करून लवकरात लवकर लॅबकडे द्या. सुकू न देणं विचित्र वाटेल, पण ओली डिस्क लॅबमध्ये धुता येते, गाळ वाळून बसलेली नाही. पाणी उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत हे समजलं असतं तर कितीतरी घरांचे अल्बम वाचले असते, याची मला आजही हळहळ वाटते.

नागपूरच्या उन्हाने डिस्क जाते का?

२३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. घरातल्या बऱ्याच डिस्क ६० अंशांपर्यंत चालतील अशा बनवलेल्या असतात. म्हणजे ऊन एकटं डिस्क मारत नाही, पण दुपारी कूलर बंद असलेल्या खोलीत सीपीयूच्या आतला पंखा धुळीने भरलेला असेल तर ती मर्यादा दूर राहत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो तापमानही दाखवतो. पन्नाशीच्या वर गेलं की डबा उघडून साफ करा.

उन्हापेक्षा मला कूलरच्या हवेची जास्त भीती वाटते. अनेक घरांत कॉम्प्युटरचं टेबल नेमकं कूलरच्या झोतात असतं. तुषार बोर्डवर बसतात, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात आणि जोडण्या गंजतात. टेबल बाजूला सरकवा. वळवाच्या पावसात लाइन जाते-येते तेव्हा कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवा. घरी यूपीएस नसेल तर पुढच्या महिन्याच्या पगारातून तो घ्या. आणि बाहेरची डिस्क उभ्या मोटारीत किंवा स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका.

दुकानात देताना काय विचारायचं? खर्च किती येतो?

पहिला प्रश्न: ‘डिस्क इथेच उघडणार की बाहेर पाठवणार?’ पाठवणार असतील तर कुठे, हे नाव-पत्त्यासह लिहून घ्या. ‘इथेच उघडतो’ म्हणाले तर स्वच्छ हवेची जागा दाखवा म्हणा. पंख्याखाली टेबलावर झाकण उघडणाऱ्याकडून डिस्क परत घ्या, वाईटपणा आला तरी चालेल.

दुसरा: तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, आणि डेटा आला नाही तर काय द्यावं लागेल? तिसरा: पैसे देण्याआधी सापडलेल्या फायलींची यादी बघायला मिळेल का? यादीतल्या तुम्हाला हव्या असलेल्या दहा-वीस फायली उघडून बघा. नुसती नावं आली आणि आत फाइलच नाही, असंही होतं. चौथा: काम झाल्यावर त्यांच्याकडची नक्कल कधी पुसणार? तुमच्या डिस्कमध्ये बँकेचे कागद, आधार, बायकोमुलांचे फोटो आहेत. हे विचारताना संकोच नको.

खर्च बिघाडावर आहे. डिस्क वाचता येत असेल तर काम आवाक्यातलं असतं. हेड बदलावं लागलं तर त्याच मॉडेलची दुसरी डिस्क सुट्या भागांसाठी बळी द्यावी लागते, आणि बिल नव्या कॉम्प्युटरच्या किमतीला जाऊन भिडू शकतं. काय हवं त्याची यादी आधी लिहा. ‘सगळंच पाहिजे’ म्हणण्यापेक्षा ‘२०१६ चं लग्न आणि बाबांचं फोल्डर’ असं सांगितलं तर कारागीर दुखऱ्या डिस्ककडून तेवढंच आधी वाचून घेऊ शकतो.

कुरिअरने पाठवायची असेल तर अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून जपणारी) पिशवी, तिच्याभोवती बबल रॅपचे जाड थर, आणि खोक्यात डिस्क हलता कामा नये. कोणी पुण्या-मुंबईला जात असेल तर त्याच्या हातात देणं सगळ्यांत चांगलं.

वॉरंटी आहे. कंपनी डेटा देईल ना?

वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नसते. कंपनी बदली डिस्क देते आणि जुनी ठेवून घेते. म्हणून आधी डेटा, मग वॉरंटी. डिस्क उघडावी लागली तर वॉरंटी जाऊ शकते, तो हिशेब करूनच ठरवा.

एवढा खर्च झेपणार नाही. काहीच मार्ग नाही का?

डिस्कच्या बाहेर काय शिल्लक आहे ते आधी गोळा करा. गुणपत्रिका, आधार, वाहनाचे कागद डिजिलॉकरमधून परत मिळू शकतात. भरलेली आयकर विवरणपत्रं आयकराच्या पोर्टलवर असतात. सात-बारा महाभूलेखवर बघता येतो. फोटो? गुगल फोटोजमध्ये जुन्या मोबाइलच्या खात्याने जाऊन बघा, कितीदा ते आपोआप चढलेले असतात आणि घरात कोणालाच माहीत नसतं. लग्नाच्या फोटोग्राफरला फोन करा. मामा, आत्या, चुलतभाऊ यांच्या मोबाइलमध्ये, व्हॉट्सअॅपच्या घरच्या ग्रुपमध्ये शोधा. पाठवलेल्या ईमेलला जोडलेल्या फायली बघा.

ही यादी संपली की नेमकं काय हरवलं ते कळतं. माझ्याकडे आलेल्या एका ताईंचं ‘सगळं गेलं’ दोन संध्याकाळच्या शोधानंतर एका सहलीच्या फोल्डरवर आलं. डिस्क उघडायची गरजच उरली नाही.

पुढच्या वेळेसाठी बॅकअप कसा ठेवू?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. घरासाठी एवढंच पुरे: एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि अगदी जिवाभावाचं ऑनलाइन. गुगलच्या खात्यात १५ जीबी मोफत असतात, निवडक फोटो आणि कागद त्यात मावतात. बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून ठेवा. कायम जोडलेली राहिली तर एकाच विजेच्या झटक्यात दोन्ही जातात. आणि हो, ‘सगळं बाहेरच्या डिस्कवर टाकलंय’ म्हणून कॉम्प्युटरमधलं पुसून टाकलं, तर तो बॅकअप उरत नाही, तीच एकुलती प्रत होते.

लॅबनेही नाही म्हटलं. डिस्क टाकून देऊ?

का नाही म्हटलं ते विचारा. त्या मॉडेलचे सुटे भाग मिळाले नाहीत असं उत्तर असेल तर ठेवा. भाग पुढे मिळू शकतात. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर मॉडेल, बिघाडाची तारीख आणि आत काय होतं हे लिहून, कोरड्या कपाटात ठेवा. तबकडीवर ओरखडे असतील तर त्या भागातलं पुढेही काही येणार नाही.

टाकायचीच असेल तर भंगारवाल्याला तशीच देऊ नका. तुम्हाला वाचता आली नाही म्हणून कोणालाच वाचता येणार नाही असं नसतं. मोठ्या डिस्कला तबकड्यांच्या आरपार ड्रिलने तीन-चार भोकं पाडा आणि ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, ड्रिल लागताच चुरा होऊन उडतात. ती जाड कापडात गुंडाळा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि पोरांना तेवढा वेळ खोलीबाहेर पाठवा.